लाल दिवा लागायच्या आधी

माझा आवाज नीट आला नाही तर सांभाळून घ्या. माझा माईक तीन वर्षांपूर्वीच गेला. मी तीर्थपुरीच्या गिरधारीलाल शेठच्या स्टुडिओतला, खांद्यावर घेऊन चालवायचा व्हिडिओ कॅमेरा बोलतोय. सांगायचं आहे ते थोडंच आहे, पण ते मला कुणी विचारलं नाही. माझं कार्ड काढून बघितलं, माझा नंबर कागदावर लिहून घेतला, मला मात्र कुणीच काही विचारलं नाही.

जालन्याच्या दुकानातून शेठनं मला आणलं तेव्हा मी कोरा करकरीत होतो. शेठचं घराणं मूळ राजस्थानातलं. चार पिढ्यांपूर्वी इकडं आलं, कापडाच्या धंद्यात जमलं. शेठनं मात्र कापडाच्या दुकानाचं अर्धं अंग पाडून तिथं स्टुडिओ काढला. मला घरी आणलं त्या दिवशी शेठाणी भगवतीदेवींनी माझी पूजा केली आणि कुंकू नेमकं माझ्या काचेवर टेकवलं. शेठ ओरडले, "अरे, आँख में नहीं! डोक्यावर लाव!" तेव्हापासून कितीतरी दिवस मला जग कडेनं थोडं लाल दिसायचं.

मला चालवायला शेठनं बिभीषणला ठेवलं. बिभीषण शहागडकडच्या एका वस्तीवरचा, धनगराच्या घरातला. त्याचे आजोबा-वडील मेंढरं राखायचे. हा बारावी झाला, आणि कुणाच्या तरी लग्नात कॅमेरेवाल्यामागं वायर धरून फिरता फिरता त्याला हे काम आवडलं. त्याचा खांदा रुंद होता. त्याच्या खांद्यावर मी बसलो की हलायचो नाही. आधी बघायचं, मंग बटण दाबायचं, असं तो स्वतःशीच बोलायचा. बटण दाबलं की माझ्या तोंडाशी बारीक लाल दिवा लागायचा. तो लागला की मी जे पाहायचो ते जपून ठेवायचो. तो लागेपर्यंत मी नुसताच पाहायचो.

माणसं लाल दिव्याला फार ओळखतात. पंगतीत जेवणारी माणसं दिवा दिसला की घास तोंडाशी थांबवतात. भांडणारे व्याही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात. नवरीची आई मात्र दिव्याकडे बघतच नाही, तिला त्या दिवशी कशाचंच भान नसतं. दिवा लागायच्या आधीची आणि नंतरची माणसं वेगळी असतात, हे मी पहिल्याच हंगामात शिकलो.

लग्नसराई संपली की आम्हाला काम नसायचं. मग बिभीषण दुपारच्या वेळी स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर सिनेमे बघायचा. त्याला एकाच जातीचे सिनेमे लागायचे. कुणीतरी मेलेलं असतं, सरकार म्हणतं अपघात झाला, आणि एखादा साधा माणूस म्हणतो की नाही, यात काहीतरी आहे. देशी असोत की परदेशी, भाषा कळो न कळो, तो एकेक प्रसंग दहा दहा वेळा मागं घेऊन बघायचा. मी टेबलावर असायचो. मीही बघायचो.

एकदा शेठनं विचारलं, "काय बघून राह्यला रे येवढं? गोष्ट तर एकच आहे सगळ्यांची."

"गोष्ट न्हाई बघत शेठ, कॅमेरा बघून राह्यलो," बिभीषण म्हणाला. "हे बघा. साहेब टेबलामागं बसून सांगतोय की अपघात होता. ऐकायला बराबर वाटतं. पण कॅमेरा बघा, त्याच्या तोंडावर थांबतच न्हाई. हळूच खाली जातो, बुटावर. बुटाला चिखल हाय. आता साहेब तोंडानं कायबी सांगू दे."

"म्हणजे कॅमेरा चुगली करतो."

"चुगली न्हाई शेठ. साहेबाचं ऐकत न्हाई, येवढंच."

मग त्यानं आणखी दाखवलं. ही मुलाखत बघा, दाराच्या फटीतून घेतली, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं आपण चोरून बघतोय, इथं काहीतरी लपवलेलं हाय. हा माणूस बाहेर गेला तरी कॅमेरा रिकाम्या खोलीतच थांबला, कारण जे घडलं ते खोलीला ठाऊक हाय. आणि खरा गुन्हेगार येतो तेव्हा त्याचा चेहरा दाखवत नाहीत, नुसता हात, नुसती बाही. शेठ डोकं हलवत म्हणाले, "बढिया. पण आपल्याला लग्नाचं शूटिंग करायचंय. नवरीचा चेहरा दाखव म्हणजे झालं."

दोघंही हसले. मला मात्र त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला. माझ्या जातीचे कॅमेरे जगात कुठंतरी साहेबांचं न ऐकता खरं शोधतायत, असं मला वाटलं. मी तेव्हा अजून पंचनामा पाहिलेला नव्हता.

ती मार्च महिन्यातली सकाळ होती, दहाचा सुमार. ठाण्यातून सर्जेराव जमादारांचा फोन आला. शहागडच्या रस्त्याला एक माणूस मेलाय, पंचनाम्याचं शूटिंग करायचंय, जल्दी या. अशी कामं शेठच्या स्टुडिओला अधूनमधून यायची. बिभीषणनं मला मोटरसायकलच्या पुढ्यात घेतलं आणि आम्ही निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक माणूस पालथा पडला होता. धोतर, पांढरी बंडी, डोक्याचा पटका बाजूला. बिभीषणनं त्याला ओळखलं नाही, पण पेहराव ओळखला. तो त्याच्याच लोकांचा होता. रस्त्याच्या खाली, बाभळींच्या पलीकडे, मेंढरं घोळका करून उभी होती आणि सारखी ओरडत होती. जमादार गाडीला टेकून फोनवर बोलत होते. आणखी दोघंतिघं होते. त्यातल्या एकाच्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. त्याचं नाव भुजंग. नदीतली वाळू वाहणारे त्याचे टिपर त्या रस्त्यानं दिवसरात्र धावायचे, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आता नीट ऐका. शूटिंग सुरू करायच्या आधी कॅमेऱ्याला पांढरा रंग दाखवावा लागतो. पांढरं म्हणजे काय ते आम्हाला एकदा समजलं की मग बाकीचे रंग बरोबर येतात. बिभीषण एरवी खिशातला रुमाल दाखवायचा. त्या दिवशी रुमाल विसरला होता. म्हणून त्यानं मला भुजंगच्या शर्टावर धरलं आणि झूम करून जवळ नेलं.

शर्ट खाली वाकला. मीही त्याच्यासोबत खाली गेलो. शर्टाच्या बाहीतून एक हात पुढं आला. त्या हातात देशी दारूची बाटली होती. हातानं ती मेलेल्या माणसाच्या उजव्या पंजाजवळ ठेवली, ती गडगडली, म्हणून परत नीट ठेवली, आणि मेलेली बोटं तिच्यावर वळवली.

बिभीषणचा डोळा माझ्या भिंगाला होता. त्यानं मला झटकन डावीकडे वळवलं, आणि तिथं मी बाकीचं पाहिलं. रस्त्याच्या खालच्या मातीत, बाभळीखाली, मोठ्या चाकांचे दोन खोल पट्टे होते. पट्ट्यांच्या मधोमध एक फडकं पडलं होतं आणि त्यातून अर्धी भाकर बाहेर आली होती. तिथून रस्त्यापर्यंत माती ओढल्यासारखी झाली होती. तो माणूस रस्त्यावर मेला नव्हता. तो झाडाखाली जेवत बसला होता. टिपर त्याच्यापर्यंत गेला होता.

हे सगळं मी पाहिलं. पण माझा लाल दिवा लागला नव्हता.

"हं, बिभीषणराव," जमादार फोन खिशात ठेवत म्हणाले. "चालू करा. हितून घ्या. रस्ता घ्या, बॉडी घ्या, बाटली बराबर दिसू द्या."

बिभीषण म्हणाला, "साहेब, तिकडचं बी घेऊ का? खालचं?"

"तिकडं काय काटेकुटेच हायेत. तिकडं काही न्हाई." जमादारांचा आवाज चढला नाही. त्यांनी फक्त एकदा भुजंगकडे आणि एकदा बिभीषणकडे बघितलं. भुजंग म्हणाला, "तू शेठच्या दुकानात असतो ना रे? तीर्थपुरीला? बरं, बरं." एवढंच म्हणाला.

बिभीषणनं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मी रस्ता घेतला, माणूस घेतला, बाटली घेतली. सरळ, स्वच्छ, न हलता. त्याचा खांदा त्या दिवशीही हलला नाही. पुढं कित्येक महिने मला वाटत राहिलं की तो खांदा निदान थोडा तरी हलायला हवा होता.

आठ दिवसांनी एका कागदावर त्याची सही घेतली. कागदावर लिहिलं होतं की हे चित्रीकरण मी स्वतः केलं असून त्यात कोणतीही छेडछाड केलेली नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

मेलेल्या माणसाचं नाव त्रिंबक. कागदोपत्री तो दारू पिऊन भर रस्त्यात झोपला आणि पहाटे कुठल्या तरी अनोळखी वाहनाखाली सापडला. प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून मिटलं.

एप्रिलमध्ये दोघी मायलेकी स्टुडिओत आल्या. आई बायनाबाई, त्रिंबकची बायको. तिच्या कपाळावरचं गोंदण सुकलेल्या पानासारखं दिसत होतं. मुलगी प्रांजली, जालन्याच्या कॉलेजात बीए करणारी. ती स्टुलावर ताठ बसून म्हणाली, "काका, ठाण्यातून आम्हाला शूटिंगची नक्कल दिली. आमच्याकडं कॉम्प्युटर न्हाई. इथं दाखवता का? मोठं करून."

बिभीषणनं लावलं. बायनाबाई भिंतीकडे तोंड करून बसली. प्रांजलीनं मात्र डोळे हलवले नाहीत. बाटलीपाशी आल्यावर ती म्हणाली, "थांबवा. जवळ न्या. अजून." चित्र मोठं होता होता त्याचे ठिपके दिसायला लागले. त्या ठिपक्यांमधून बाटली आणि तिच्यावरची बोटं दिसत होती.

"हा उजवा हात हाय ना?"

"हो," बिभीषण म्हणाला.

"माझे बाबा मी चौथीत असताना बाभळीवरून पडले. मेंढरांना पाला तोडून राह्यले होते. तवापासून त्यांची उजव्या हाताची बोटं वळत न्हाईत. भाकर बी डाव्या हातानं खायचे." ती बिभीषणकडे वळली. "आणि दारू त्यांनी जन्मात घेतली न्हाई. काका, तुम्ही तिथं होते. बाटली आधीपासून होती का?"

टेबलावर मी होतो, माझं तोंड तिच्याकडेच होतं. तिचे डोळे तिच्या वडिलांसारखे होते की नाही ते मला माहीत नव्हतं, कारण वडिलांचे डोळे मी कधी उघडे पाहिलेच नव्हते.

बिभीषणनं कॉम्प्युटरच्या वायरला उगाच हात लावला. म्हणाला, "मी आलो तवा होती."

बायनाबाई भिंतीकडूनच बोलली, "हा बी आपल्यातलाच दिसतो गं. खोटं कशाला बोलंल?"

त्यानंतर दोन वर्षं मायलेकी कार्यालयांच्या पायऱ्या चढल्या. हाताचा डॉक्टरी दाखला जोडला, गावकऱ्यांच्या सह्या जोडल्या. उत्तर आलं की सखोल चौकशीअंती संशयास्पद काही आढळून आलेलं नाही. अधू हातानंही बाटली धरता येऊ शकते. प्रांजलीचं शेवटचं वर्ष त्यातच गेलं, तिनं परीक्षा दिली नाही.

बिभीषणमध्येही फरक पडला. लग्नात मधेच थांबायचा. नवरीला हार घालत असताना मला भलतीकडेच वळवायचा, मांडवाच्या कोपऱ्याकडं, कुणी नसलेल्या खुर्च्यांकडं. लोकांच्या तक्रारी यायला लागल्या. शेठनं विचारलं तर म्हणाला, "शेठ, मला वाटतं ह्याच्या बाहेर काहीतरी राह्यलं."

मग कोरोना आला आणि लग्नं बंद पडली. एके दिवशी बिभीषणनं शेठला सगळं सांगितलं. बाहीतला हात, मातीतले पट्टे, अर्धी भाकर. शेठनं उठून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"ठाण्यात जाऊन सांगशील?"

"भ्या वाटतं शेठ. सही केली ना मी. आणि भुजंग... पण दाखवू शकतो. सिनेमा काढतो त्याच्यावर. त्या मायलेकी बघतील, त्यांना समजंल."

शेठ म्हणाले, "कॅमेरा ने. पण वरती लिही, सगळं काल्पनिक आहे. बिलकुल लिही. नाहीतर दुकानाला आग लावतील."

ते काम म्हणजे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर तीन महिने होते, आणि हे सांगताना मला लाज वाटते. आम्ही त्याच रस्त्यावर गेलो, त्याच बाभळीखाली. बिभीषणनं मायलेकींना एवढंच सांगितलं की त्रिंबकरावांच्या आठवणीत काहीतरी करतोय. त्यांनी मेंढरं दिली. मेंढपाळाचं काम त्रिंबकच्या थोरल्या भावानं, कोंडिबानं केलं, त्याची चाल भावासारखी होती म्हणून. बाकी कामं नाटकमंडळातल्या ओळखीच्यांनी केली.

बिभीषणनं इतकी वर्षं पाहून ठेवलेलं सगळं त्यात ओतलं. जमादार झालेला माणूस अहवाल वाचतो, आणि मी त्याच्या चेहऱ्यावरून सरकत सरकत डावीकडे जातो, त्या मातीकडे. त्याचं वाचन चालूच राहतं, पण बघणारा आता ऐकत नाही. ठाण्यातली बोलणी मी अर्धवट उघड्या दारातून घेतली. पांढऱ्या शर्टाच्या माणसाचा चेहरा एकदाही दाखवला नाही. नुसती बाही, हात आणि बाटली. आणि सगळे निघून गेल्यावरही मी तिथंच थांबलो, रिकाम्या रस्त्यावर. वाऱ्यानं फडक्याची घडी उलगडत होती. शेवटच्या दृश्यात तर त्यानं पंचनाम्याचा कॅमेरेवालासुद्धा दाखवला, पाठमोरा. शेठकडून एक जुना मोडका कॅमेरा आणून दुसऱ्याच्या खांद्यावर दिला आणि मला त्याच्या मागं उभं केलं. तो कॅमेरेवाला डावीकडे बघतो, थबकतो, आणि मान परत सरळ करतो.

ते दृश्य झाल्यावर बिभीषणनं मला खाली ठेवलं आणि बाभळीखाली बसून तोंड झाकून रडला. कोंडिबाला वाटलं, सिनेमावाले असेच असतात.

त्रिंबकच्या वस्तीवरच्या समाजमंदिरात संध्याकाळी पडदा लावून तो दाखवला. चाळीस मिनिटांचा सिनेमा. सुरुवातीला ती काल्पनिक असल्याची पाटी आली, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बाही वाकून बाटली ठेवते, त्या प्रसंगाला मागं बसलेली माणसं उठून पुढं आली. संपल्यावर दिवे लागले. प्रांजली उभी राहिली.

"काका, हे तुम्ही मनानं रचलं का पाह्यलं?"

बिभीषण पडद्याशेजारी उभा होता. मी स्टँडवर, त्याच्या हाताजवळ. त्यानं माझ्यावर हात ठेवला.

"पाह्यलं," तो म्हणाला.

पहिल्या ओळीत बायनाबाई बसली होती. ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती नुसतं म्हणाली, "मंग दोन वर्षं काय करून राह्यला होतास रं, बाबा?"

त्या रात्री तो जेवला नाही म्हणतात. सकाळी मात्र तो स्वतःहून त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला, कोर्टात जिथं सांगाल तिथं उभा राहतो.

प्रांजलीनं फिर्याद दाखल केली. भुजंगवर खटला उभा राहिला. तारखा पडत गेल्या, वर्ष गेलं, मग आणखी एक. साक्षीच्या दिवशी कोर्टानं मलाही हजर करायला सांगितलं होतं. मला टेबलावर ठेवलं. बिभीषण पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्यानं न अडखळता सगळं सांगितलं. शर्ट, हात, बाटली, तिच्यावर वळवलेली बोटं, चाकांचे पट्टे. मला वाटलं, आता सुटलो. आम्ही दोघंही सुटलो.

मग भुजंगचे वकील उठले. आवाज मऊ होता त्यांचा. त्यांनी मोबाईलवर फिरलेला तो सिनेमा कोर्टासमोर लावला आणि पहिल्या पाटीवर थांबवला.

"यातली सर्व पात्रं आणि घटना काल्पनिक आहेत. हे तुम्हीच लिहिलं?"

"हो. पण ते..."

"हो की नाही?"

"हो."

"या प्रसंगात कॅमेरा दाराच्या फटीतून बघतो. का?"

बिभीषण थोडा गोंधळला. कामाचं विचारलं की तो खरंच सांगायचा. "बघणाऱ्याला संशय वाटावा म्हणून."

"आरोपीसारख्या दिसणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवला नाही. तेही त्याचसाठी?"

"हो."

"म्हणजे संशय तुम्ही कॅमेऱ्यानं तयार केला. बरं. आता पंचनाम्याचं शूटिंग. त्यात असा काही खेळ केला होता? फटीतून बघणं, बाजूला सरकणं?"

"न्हाई."

"कसं घेतलं होतं?"

बिभीषणनं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होतो?

"सरळ," तो म्हणाला. "सरळ घेतलं."

"आणि त्यात छेडछाड नाही म्हणून सही केली. धन्यवाद." वकील बसले.

निकाल पुढच्या तारखेला लागला, तेव्हाही मी त्याच टेबलावर होतो. तो तीन पानांचा होता. साक्षीदारानं दोन वर्षं मौन पाळलं, मग याच विषयावर काल्पनिक चित्रपट काढला, त्यामुळे त्याच्या सांगण्यात कल्पना किती आणि सत्य किती हे वेगळं करता येत नाही. उलट मूळ चित्रीकरण निर्विवाद आहे. आरोपीला सोडण्यात येत आहे. भुजंग बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर त्या दिवशीही पांढराच शर्ट होता, आणि त्याच्या लोकांनी हार आणले होते.

मूळ चित्रीकरण निर्विवाद आहे. ते मीच केलं होतं. माझ्या आयुष्यात मी एवढं चांगलं काम दुसरं केलं नाही, आणि त्याच कामानं त्रिंबकला दारुडा ठरवून कायमचं रस्त्यावर निजवलं. जिथं मी खरं दाखवलं तिथं कोर्टानं मला गोष्ट सांगणारा ठरवलं. मी सरळ बघितलं तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तेव्हाच मी खोटा होतो.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली मायलेकी थांबल्या होत्या. दार उघडं होतं, मी टेबलावरून त्यांना बघू शकत होतो. बिभीषण त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं असेल बायनाबाई शिव्या देईल. तो खाली मान घालून म्हणाला, "वैनी, मी त्या दिवशीच..."

बायनाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्वा सांगितलं, तेवढं तरी कुणी सांगितलं? एक काम कर. त्या शिनुमात सुरवातीला भावजी मेंढरं घेऊन चाललेत बघ, पाठमोरे. तेवढंच मला दे मोबाईलात घालून. ह्यांचा चालतानाचा एकबी फोटो न्हाई माझ्यापाशी. भावजींची चाल तशीच हाय. पुढचं काही नको."

प्रांजलीनं आईचा मोबाईल पुढं केला. बिभीषणनं तिथंच उभं राहून तेवढा तुकडा त्यात घातला. अर्ध्या मिनिटाचा. मेंढरं, धूळ, आणि बाभळींकडे चाललेली एक पाठ. बायनाबाईनं तो लगेच लावला आणि मोबाईल तोंडाजवळ नेऊन बघत राहिली. संपला की परत लावायची. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं. त्या बाईला नवऱ्याचं जे काही मी देऊ शकलो, ते दुसऱ्याच माणसाचं होतं.

बिभीषणनं नंतर कॅमेरा हातात घेतला नाही. आता तो वाटूरला एका पिठाच्या गिरणीवर काम करतो असं शेठ एकदा इथल्या शिपायाला सांगत होते. शेठ मला परत न्यायला आले होते, पण मला कोर्टात बिभीषणनं जमा केलं होतं म्हणून अर्जावर त्याचीच सही लागते, आणि बिभीषणनं सांगितलं की आता कशावरच सही करणार नाही. शेठ माझ्यावरची धूळ रुमालानं पुसून गेले. ते म्हातारे झालेत. प्रांजलीनं राहिलेली परीक्षा दिली आणि आता वकिलीला नाव घातलंय, हे मी दोन कारकुनांच्या बोलण्यातून ऐकलं. ते खरं असावं असं मला फार वाटतं.

मी कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. माझ्या एका बाजूला कोयत्यांचा गठ्ठा आहे, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी चप्पल. माझ्या पट्ट्याला चिठ्ठी बांधलीय, तिच्यावर 'जुना व्हिडिओ कॅमेरा, एक नग' असं लिहिलंय. खिडकी नाही. जुना मुद्देमाल निकाली काढायचा हुकूम आलाय, म्हणजे या उन्हाळ्यात कधीतरी माझा लिलाव होईल किंवा मला फोडून टाकतील.

जायच्या आधी एवढंच मागणं आहे. तुमच्या खिशातही आता माझी धाकटी भावंडं असतात. कधी एखाद्या रस्त्यावर कुणी तुम्हाला म्हणालं की इकडचं घ्या, तिकडं काही नाही, तर एकदा तिकडं वळा. हात थरथरला तरी चालेल. चित्र हललं तरी चालेल. पण बटण आधीच दाबलेलं असू द्या, आणि पाहिलंत तर त्याच दिवशी सांगा.

माझं सांगून झालं. त्रिंबक झाडाखाली बसून डाव्या हातानं भाकर खात होता. हे सांगणारे मी आणि बिभीषण दोघंच होतो, आणि कोर्टानं आम्हा दोघांवरही विश्वास ठेवला नाही. आता ते तुम्हालाही ठाऊक आहे.